स्मशानातल्या अबोलीला पाणी घालणाऱ्या काकांना

काका,

दुपारी पडवीत बसून मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची तुमची सवय मला माहीत आहे, म्हणून हे मराठीतच लिहितेय. समोर येऊन बोलायचं दोनदा ठरवलं होतं. दोन्ही वेळा आवंढा आला आणि तुमच्या म्हशीची चौकशी करून मी परत फिरले.

तीन वर्षांपूर्वीचा जुलै. चौतिसावा आठवडा चालू होता. सोनोग्राफीच्या बाईंनी पडदा हळूच स्वतःकडे वळवून घेतला, तेव्हाच मला कळलं. मुलगी होती. मला दाखवली ती जेमतेम अर्धा मिनिट. नाक थेट सासूबाईंचं. "नेणार की इथेच ठेवणार?" कागद भरता भरता कुणीतरी विचारलं. आमच्या ह्यांनी आणि धाकट्या दिरांनी तिला टॉवेलात गुंडाळून भाड्याच्या गाडीने गावी आणलं. मी वॉर्डातच. शेजारच्या खाटेवर बारशाला कोणतं नाव ठेवायचं यावर मावश्या भांडत होत्या. तिसऱ्या दिवशी दूध आलं. बाळ गेलं तरी दूध येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

नोकरीच्या ठिकाणी तर "मूल नाही तर बाळंतपणाची रजा कसली?" असं ऐकावं लागलं. तेव्हाच्या १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात 'मूल' या शब्दात मृत जन्मलेलं मूलही धरलेलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. असो, तो राग वेगळा.

घरी आले तर सगळं आवरून ठेवलेलं. पाळणा माळ्यावर, झबली कुणाकडे तरी देऊन टाकलेली. दिवस नाहीत, पिंड नाही. भटजींनी समजावून सांगितलं, की दोन वर्षांच्या आतलं मूल पुरावं आणि त्याला उदक, म्हणजे तर्पणाचं पाणी, देऊ नये, असं याज्ञवल्क्य स्मृतीतच आहे. ते मायेनेच बोलले. घरोघरी पाळण्यातली मुलं जायची, त्या काळात आईबापांना लवकर मोकळं करावं म्हणूनच हा नियम झाला असेल. पण मला मोकळं व्हायचं नव्हतं. तिला कुठे ठेवलंय एवढंच कळायला हवं होतं. ह्यांना विचारलं की म्हणायचे, "पाऊस होता गं, अंधार होता, नीट आठवत नाही." बायकांनी स्मशानात जायचं नाही, त्यामुळे मी स्वतः जाऊन बघणं तर दूरच.

शिगमा उरकल्यावर एका दुपारी कुणाला न सांगता मी आले. तुम्ही कोण, कुणाची, काही विचारलं नाहीत. फक्त म्हणालात, "केन्ना?" मी म्हटलं, जुलैत, एकादशीच्या दुसऱ्या दिवशी. तुम्ही खराटा भिंतीला टेकवलात, शेडच्या मागे चालत गेलात आणि बोट दाखवलंत: "बाये, तुजें हांगा आसा."

अर्धा चिरा, जेमतेम दोन वितींचा. कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून दगड ठेवायची रीत जुनीच आहे. पण तुमच्या चिऱ्यांच्या कडेला कोयत्याने पाडलेल्या खाचा होत्या. माझ्या चिऱ्यावर सात. मी मोजत बसले तेव्हा तुम्ही सांगितलंत, सातवा महिना म्हणून सात. चिरा मऊ, त्यात आपला पाऊस. खाचा झिजतात, शेवाळाने भरतात, म्हणून दर दिवाळीच्या आधी तुम्ही त्या पुन्हा कोरता. सरकारदरबारी जन्माचा नमुना एक, मृत्यूचा दोन आणि मृत जन्माचा तीन. तो तिसरा नमुनाही आम्ही रीतसर भरला होता. पण बोट फिरवून बघावी अशी तिची नोंद फक्त तुमच्याकडे निघाली.

आणि सगळ्या चिऱ्यांच्या भोवती अबोली. रोपं कुठून आणली विचारलं तर म्हणालात, दोनच लावली होती. बाकीची आपोआप. सुकलेल्या बोंडांवर पाणी पडलं की ती तडतडून फुटतात आणि बी लांब उडतं. मे महिन्यात लाल माती तापून भेगाळते, विहीर तळाला जाते, तेव्हा ही कशी जगतात असं मी विचारलं. तुम्ही सहज म्हणालात, "हांव सदां उदक घालतां."

काका, कोंकणीत उदक म्हणजे साधं पाणी. तुम्ही तेवढंच म्हणत होतात. मी मात्र भटजींचं वाक्य आठ महिने डोक्यात घेऊन हिंडत होते. त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवले. किती दिवसांनी, मला आठवत नाही.

पुढे आमची शेजारीण माझ्याबरोबर यायला लागली. ती ख्रिश्चन. तिचं बाळ बाप्तिस्म्याआधीच गेलेलं. २ नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी ती चर्चच्या दफनभूमीत मेणबत्त्या लावते, त्यातली एक इथे आणून लावते. तिची बहीण इंग्लंडला असते. तिकडे स्टॅफर्डशायरमध्ये नॅशनल मेमोरियल आर्बोरेटम आहे, त्यात अशा बाळांच्या आईबापांसाठी सँड्स या संस्थेची बाग आहे. तिचे फोटो मी तुम्हाला मोबाईलवर दाखवले. चष्मा लावून तुम्ही बराच वेळ बघत राहिलात आणि मग विचारलंत, तिथे पाणी कोण घालतं? मला उत्तर देता आलं नाही.

आता थोडं कामाचं. त्या कोपऱ्यात पेव्हर घालून बाकडी बसवायची असं ठरतंय, असं ऐकलं. बाकडी खुशाल बसवा, पण पेव्हर नको, असा अर्ज आम्ही सात घरांनी सह्या करून दिला आहे. त्यातली दोन घरं अशी, की जिथे या विषयाचा शब्दही निघत नव्हता. एका आजींनी तर पन्नासेक वर्षांपूर्वीच्या मुलासाठी सही केली. त्याचा चिरा नाही. तुम्ही तेव्हा इथे नव्हता. त्यांना तुम्ही एक रिकामा चिरा दिलात आणि "खाचा किती पाडू?" असं विचारलंत, हे त्यांनीच मला रडत रडत सांगितलं. पाच. मे महिन्यातला होता.

तुम्ही कधी पैसे घेतले नाहीत. ह्यांनी खिशात नोट कोंबायचा प्रयत्न केला तेव्हा रागावलात, त्याबद्दल त्यांच्या वतीने माफी मागते. त्यांना दुसरं काय करावं ते सुचेना.

येत्या रविवारी सासूबाईही यायचं म्हणताहेत. "तिथे बायकांनी जायचं नसतं" असं मला बजावणाऱ्या त्याच. गुडघ्यांमुळे पुढच्या पायऱ्या त्यांना उतरवत नाहीत; मागच्या कुंपणाची कडी तेवढी काढून ठेवाल का? आल्या की त्या आधी म्हशीचीच चौकशी करतील. करू दे त्यांना.

तुमची,
सात खाचांच्या चिऱ्याची आई