हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला रेडिएटरचा स्विच

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय: बग्गीसाठी घेतलेलं इलेक्ट्रिक फॅनचं किट परत घेऊन पूर्ण पैसे देण्याबाबत

महोदय,

‘१५० सीसी एअर-कूल्ड बग्गीसाठी खास’ ही तुमची जाहिरात वाचून मी १२ व्होल्टचा कूलिंग फॅन मागवला.

दापोलीला आमची वाळूत चालवायची छोटी मोटारगाडी, म्हणजे बग्गी आहे. इंजिन मोटरसायकलचं, पण बसवलंय सीटच्या मागे. मोटरसायकलवर त्याला समोरून वारा लागतो, इथे बसणाऱ्यांच्या पाठी आड येतात. त्यात वाळूत पहिल्या गिअरवर रेटायचं, म्हणजे इंजिन तापणारच.

किट उघडलं तर आत पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या रेडिएटरमध्ये आट्यांवर बसवायचा थर्मोस्टॅट स्विच! तो पाण्याचं तापमान बघून फॅन चालू करतो. माझ्या इंजिनात पाण्याचा थेंब नाही. बसवू कुठे? तुमच्या ग्राहक सेवेतून उत्तर आलं, ‘सिलिंडरला तारेने बांधा.’ आमच्या मेकॅनिकने कपाळाला हात लावला.

जाहिरातीत फॅन ‘फक्त ३ अँपिअर’ घेतो. फॅनच्याच स्टिकरवर मात्र ८० वॅट छापलंय. ८० भागिले १२ केलं की साडेसहाच्या वर जातं. या इंजिनाची मॅग्नेटो कॉइल, म्हणजे इंजिन फिरताना वीज बनवणारी कॉइल, हेडलाइट आणि छोटी बॅटरी सांभाळण्यापुरती. फॅन लावला की बॅटरी उतरते, मग सेल्फ मारल्यावर नुसती टकटक. आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन मंद चालू असताना, तर कॉइल आणखी कमी वीज देते, आणि वाळूतून आल्यावर इंजिन निवायला फॅन तेव्हाच हवा असतो.

किटमध्ये ना रिले (जास्त करंट झेलणारा स्विच), ना फ्यूज. वायर इतकी बारीक की तापून हाताला चटका बसला. शेजारून पेट्रोलची नळी जाते, म्हणून फॅन काढून ठेवलाय.

‘एकदा बसवलेला माल परत घेत नाही’ हे तुमचं उत्तर मला मान्य नाही. न बसवता हे कळणार कसं? ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं.

बदली किट नको. कुरिअर खर्चासह पैसे परत करा आणि जाहिरातीतून ‘एअर-कूल्ड’ व ‘३ अँपिअर’ काढा. नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला,
एक ग्राहक, दापोली

सोबत: पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, स्टिकरचा फोटो