तापमानाचा आकडा नेमका कोठला?

महोदय,

निफाड तालुक्यातील तापमानाच्या तफावतीबद्दलची कालच्या अंकातील बातमी वाचली. ‘जवळजवळच्या हवामान केंद्रांत असा फरक पडतोच’ हा त्यातील खुलासा मला मुळीच पटलेला नाही. फरक पडतो, हे आम्हा द्राक्ष बागायतदारांना कोणी सांगायला नको. रात्र निरभ्र असली आणि वारा पडला की कादवा-गोदावरीकाठची सखल शिवारे माळाच्या आधी गारठतात. प्रश्न आहे तो यंत्र कोठे उभे केले आहे, याचा.

गेल्या जानेवारीत पहाटे साडेचारला मी बागेत होतो. घडांत नुकतेच पाणी उतरू लागले होते, म्हणजे मणी मऊ होऊन पिकायला लागले होते. शेकोट्या पेटवल्या, ठिबक सोडले, तरी पानांवरचे दव गोठले. बोट फिरवले की पातळ पापुद्रा निघत होता. तारेला टांगलेला तापमापक तीन अंश दाखवत होता. आठवडाभरात मण्यांना तडे गेले. त्याच पहाटेची आमच्या महसूल मंडळातील स्वयंचलित केंद्राची नोंद मात्र साडेसात अंश! फळपीक विम्याची भरपाई त्याच नोंदीवर ठरत असल्यामुळे ‘ट्रिगर लागला नाही’, म्हणजे भरपाईसाठी ठरलेल्या मर्यादेपर्यंत तापमान उतरले नाही, एवढ्या एका वाक्यात आमचा विषय संपवण्यात आला. उघड्यावरचा तापमापक थोडे कमी दाखवतो, हे मला मान्य आहे. पण साडेचार अंश तेवढ्याने कमी होत नाहीत.

मी ते केंद्र समक्ष पाहून आलो. तापमान मोजायचे ते मोकळ्या, गवत असलेल्या जागी, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, हवा खेळती राहील अशा आडोशात. हे यंत्र सिमेंटच्या अंगणात, पत्र्याच्या शेडपासून पाच पावलांवर आहे. दिवसा तापलेले अंगण रात्रभर ऊब सोडत राहणार, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? शेजारच्या पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात तर सुकलेला पाला साचला होता, आणि अवकाळीची भरपाईही त्याच मापकावर ठरते.

मे २०२४ मध्ये दिल्लीतील मुंगेशपूरला ५२.९ आणि नागपुरात ५६ अंशांची नोंद झाली, तेव्हा हवामान विभागाने तातडीने तपासणी केली. मुंगेशपूरचा सेन्सर तीन अंश जास्त दाखवत असल्याचे जाहीरही केले. ते आकडे अशक्य वाटले म्हणून तपासले गेले. जानेवारीतील साडेसात अंश कोणालाच अशक्य वाटत नाहीत, त्यामुळे आमच्याकडची तेवढीच मोठी चूक वर्षानुवर्षे खपून जाते.

प्रत्येक केंद्राचे छायाचित्र आणि शेवटच्या कॅलिब्रेशनची (यंत्राची अचूकता तपासून जुळवल्याची) तारीख ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, आणि थंडीतल्या काही पहाटे गावकऱ्यांसमक्ष साध्या तापमापकाशी नोंदी ताडून पाहाव्यात. यंदा घडांत पाणी उतरायला अजून तीन-चार आठवडे आहेत. तेवढ्या अवधीत आमचे केंद्र त्या अंगणातून मोकळ्या जागी हलवता येईल.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. निफाड, जि. नाशिक