थापी कोणाच्या हातात

आर्वी तालुका, जि. वर्धा
२ फेब्रुवारी

प्रिय मित्रा,

मागच्या महिन्यात तुझा फोन आला तेव्हा मी कमरेइतक्या खड्ड्यात उभा होतो, म्हणून धड बोलता आलं नाही. "मास्तर, गणित सोडून खड्डे कधीपासून खोदायला लागलास बे?" असं विचारून तू हसलास. आज जेवणं लवकर आटोपली, लाइटही आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नववीच्या अठरा मुलामुलींना घेऊन शाळेत हात धुण्याचा ओटा बांधतो आहे. बुधवारी दुपारी आणि शनिवारी. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दप्तराविना दहा दिवस कारागिरांकडे काम शिकण्याची सोय आहे. नववी त्यात बसत नाही, पण दार उघडं दिसलं म्हणून आम्हीही घुसलो. वरून फक्त फोटो मागतात. विटा मात्र आम्हीच एका पडक्या घराच्या मागून आणल्या.

डोक्यात हे फार आधीपासून होतं. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. बांधकाम, वेल्डिंग, वायरिंग, शेती, सगळं हातानं करत शिकायचं, आणि शिकवायला गावातलाच कारागीर. तेवढं लांब तरी कशाला जायचं? ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली ती आपल्या वर्ध्यातच. हस्तोद्योगातून शिक्षण, ही नई तालीम तिथूनच निघाली. आपण शाळेत असताना मात्र तिच्यातलं परीक्षेपुरतं एक वाक्य तेवढं आपल्या वाट्याला आलं, आठवतं? कार्यानुभवाच्या तासाला आपण मैदान झाडायचो.

तर तो खड्डा. एवढ्याशा ओट्यासाठी मिस्त्रीनं मुरूम लागेस्तोवर, म्हणजे साडेतीन फूट पाया घ्यायला लावला. (खोदकाम मोठ्यांनी केलं, पोरांना नाही लावलं.) मी म्हटलं, ओटा तर कमरेइतका आहे. तर म्हणतो, "वरचं लहान हाये म्हनून खालची काळी जमीन लहान होते का, सर?" बांधकाम हा तुझा रोजचाच धंदा, तुला यात नवं काही नाही. मला मात्र पंचवीस वर्षं याच मातीवर राहून कळलं नव्हतं की आपल्या घराच्या भिंतीतली तिरपी भेग दर उन्हाळ्यात का रुंदावते. मग प्रयोग केला. चाळलेली वाळकी काळी माती दोन नळ्यांत दहा-दहाच्या खुणेपर्यंत भरली, एकीत पाणी ओतलं, दुसरीत घासलेट. घासलेट मिळवायला दोन गावं पालथी घातली, ते जाऊ दे. दुसऱ्या दिवशी घासलेटातली माती होती तिथंच होती, आणि पाण्यातली सोळावर. पोरं बराच वेळ त्या नळीकडं पाहत राहिली. एक जण म्हणाला, "म्हणजे पावसाळ्यात घर वर उचलल्या जाते?" हो राजा, आणि उन्हाळ्यात परत खाली बसते, आणि सगळीकडे सारखं बसत नाही म्हणून फाटते.

पायथागोरस मी आजवर शेकडो पोरांना शिकवला असेल. मिस्त्रीनं सुतळीला एकापुढं एक तीन, चार आणि पाच फुटांच्या अंतरानं गाठी मारल्या, तीन खुंट्या ठोकून त्रिकोण ताणला आणि म्हणाला, "झाला गुण्या." म्हणजे काटकोन. मिस्त्री चौथीच्या पुढं शिकलेला नाही. वर्गातल्या एकानं मला हळूच विचारलं, सर, यांना कोणी शिकवलं? मी म्हटलं, यांच्या बापानं. माझ्याकडं दुसरं उत्तर नव्हतं.

फजितीही झाली. लेव्हल घ्यायची पारदर्शक नळी मी भरली होती. दोन्ही टोकांचं पाणी जुळवून खुणा केल्या, आणि विटांचा पहिला थर लागल्यावर एक बाजू चांगली इंचभर खाली. मी मिस्त्रीकडं संशयानं पाहतो आहे, तेवढ्यात मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "सर, नळीत बुडबुडा हाये." होता. बोटाएवढा. थर काढला, विटा धुतल्या, पुन्हा लावला. मिस्त्री एक अक्षर बोलला नाही, हे त्याचे उपकार.

खरं लिहायचं होतं ते या पोरीबद्दलच.

पहिल्या दिवशी मिस्त्रीनं कामं वाटून टाकली. "पोरी इटा देतील, पानी देतील. थापी पोरं धरतील." मी विचारलं, काहून? "असंच रायते, सर." त्यात त्याचा आकस नव्हता. त्याच्या चाळीस वर्षांच्या धंद्यात पोरगा बिगारी म्हणून येतो, दोन-चार वर्षांत थापी धरतो आणि पुढं मिस्त्री होतो. बाई रेजा, म्हणजे घमेली वाहणारी मजूर, म्हणून येते आणि रेजा म्हणूनच म्हातारी होते, मिस्त्रीच्या जवळपास अर्ध्या मजुरीवर. बाई-मिस्त्रीला आपल्याकडं शब्द तरी आहे का, सांग.

आणि गंमत बघ. आपल्या आज्यांच्या मातीच्या घरांना लिंपत कोण होतं? बायाच. हातानं, सरळ, एक उंचवटा राहू न देता. तीच भिंत सिमेंटची झाली, लिंपणाचं प्लास्टर झालं, त्याला रोजी मिळू लागली, आणि बाईच्या हातात घमेलं आलं. हे मी मिस्त्रीला सांगितलं. त्यानं बिडी पेटवली. पुढच्या शनिवारी मात्र बुडबुडेवाल्या पोरीपुढं थापी सरकवली आणि "अंगठा पात्यावर नको ठेवू" एवढंच म्हणाला. तिच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, सगळ्यात साफ निघाल्या. घरी चुलीमागची भिंत दर दिवाळीला तीच लिंपते, हे मागून कळलं.

गोष्ट इथंच संपली असती तर बरं होतं. गेल्या शनिवारी तिची आई आली. ती स्वतः रेजा, साडीवर नवऱ्याचा शर्ट घातलेला, कामावरून थेट. चिडलेली होती. "सर, घमेलं उचलाले मी हिले शाळेत काहून धाडू? थे त मीच शिकवलं असतं." मी म्हटलं, बाई, घमेलं नाही, विटांची जुडाई शिकते ती. तिला भिंतीपाशी नेलं. तिनं ओळंबा वगैरे काही मागितला नाही, एक डोळा मिटून कडेनं पाहिलं, मग दरजेवरून बोट फिरवलं. "हे कोनं केलं?" तुमच्याच पोरीनं. थोडा वेळ ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "चांगलं हाये. पन सर, हिले थापी देईन कोन?"

मला उत्तर देता आलं नाही. पोरगी बाजूला हात धूत होती. सिमेंटनं बोटांची सालं निघाली होती तिच्या. हातमोजे आम्ही त्यानंतर आणले, आधीच आणायला हवे होते.

म्हणून दोन कामं सांगतो. तुझ्या गोदामात लहान पात्याच्या जुन्या थाप्या पडल्या असतील तर चार-पाच एसटीनं आर्वीला पाठव. मोठी थापी पोरांच्या मनगटाला झेपत नाही. दुसरं, तुझ्या साइटवरच्या मिस्त्रीला एकदा विचार, त्याच्या हाताखालच्या एखाद्या रेजानं थापी मागितली तर तो देईल का. तो जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत कळव, आपल्या पदरचं काही मिसळू नको. बाई पुढच्या शनिवारी पुन्हा येणार आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मास्तर