क्रॉसिंग संपलं, वेळापत्रक तेच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात अधूनमधून बुलेट ट्रेनच्या खांबांचे आणि पुलांचे रंगीत फोटो येतात. मुंबई ते अहमदाबाद ५०८ किलोमीटर, ताशी ३२० चा वेग, बारा स्टेशनं. आमच्या घरी परवा ते पान हातोहात फिरलं. शेवटी आईने चष्मा पुसून नीट पाहिलं आणि विचारलं, "ही माहुलीला थांबणार का?"

माहुली म्हणजे आमचं साताऱ्याचं स्टेशन. नाही थांबणार. मुंबई-पुणे-हैदराबाद अशा दुसऱ्या बुलेटचं बोललं जातं, तीही पुण्याहून सोलापूरच्या अंगाला जाणार. म्हणजे साताऱ्या-सांगलीच्या माणसाने बुलेटचं कौतुक करायचं ते पाहुण्याच्या गाडीचं करतात तसं. माझा तिला विरोध नाही, व्हावी. पण आमच्या दारात जो रूळ आहे त्यावर चार ओळी लिहायच्या आहेत, त्या छापाव्यात ही विनंती.

पुणे-मिरज मार्गावर ज्याने पाच-दहा वेळा प्रवास केलाय त्याला 'क्रॉसिंग' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो, एकेरी रुळावर समोरची गाडी जाईपर्यंत आपली स्टेशनात उभी, ते क्रॉसिंग. सालप्याला नाहीतर आदर्कीला गाडी उभी राहायची. दहा मिनिटं झाली की कुणीतरी दारातून वाकून बघून यायचा आणि डब्याला बातमी द्यायचा, "क्रॉसिंग लागलंय." मग काय, डबा निवांत. कुणी खाली उतरून तंबाखू मळायचा, राजेवाडीला पाटी घेऊन चढलेल्या मावशी उरलीसुरली सीताफळं निम्म्या भावात द्यायच्या, पोरं सिग्नलच्या खांबावर खडे मारायची. कधीतरी समोरून गोवा एक्स्प्रेस धडधडत निघून जायची आणि आमची पॅसेंजर एक आचका देऊन हलायची. एकदा आदर्कीला शेजारच्या गृहस्थांनी अख्खं शब्दकोडं सोडवलेलं मी पाहिलं आहे, आणि कोडं अवघड होतं.

हा रूळ १९७१ साली ब्रॉडगेज झाला, पण राहिला एकेरीच. त्यामुळे कुठलीही मागणी केली की उत्तर एकच यायचं. सकाळची गाडी का नाही? एकेरी मार्ग आहे. पॅसेंजर एवढा वेळ का घेते? क्रॉसिंग. हे खरंही होतं, म्हणून आम्ही गप्प बसायचो. आता विजेच्या तारा आल्या, डिझेल इंजिनाचा धूर गेला, दुहेरीकरणाचा बहुतेक भाग उरकला. त्यापायी लोकांनी सोसलंही भरपूर. फाटकं बंद राहिली, ब्लॉक घेतले गेले, गाड्या रद्द झाल्या. सांगलीत चिंतामणीनगरचा पूल पाडला तेव्हा माधवनगरला जाणाऱ्यांनी किती वळसे घातले ते तिथल्या दुचाकीवाल्यांना विचारावं. एवढं सगळं करून आमच्या हातात वेळापत्रक पडलं ते जवळजवळ जुनंच.

वंदे भारत मिळाली, हे मान्य. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्हापूर-पुणे सुरू झाली तेव्हा आम्हीही माहुलीला हार घेऊन गेलो होतो. गाडी देखणी आहे, स्वच्छ आहे. पण सुरुवातीला जाहीर झालेलं वेळापत्रक घ्या. आठवड्यातून तीन दिवस. कोल्हापुरातून सकाळी सव्वाआठला निघणार, साताऱ्यात पावणेअकराच्या सुमारास, पुण्यात दुपारी दीडला. दीडला पुण्यात पोचून माणसाने करायचं काय? ऑफिसचा अर्धा दिवस गेलेला, कोर्टाची तारीख पुकारून झालेली, डॉक्टरांची सकाळची ओपीडी संपलेली. फार तर भाचीच्या लग्नाला जाता येईल, तेही संध्याकाळचं रिसेप्शन असेल तर.

वेगाचं म्हणाल तर ३२६ किलोमीटरला सव्वापाच तास, म्हणजे ताशी बासष्टच्या आसपास. सातारा-पुणे पावणेतीन तास. आमची विनाथांबा एस.टी. खंबाटकी घाटात अडकली नाही तर तेवढ्याच वेळात स्वारगेटला लागते! यात गाडीचा दोष नाही. रस्त्याने पुणे एकशेदहा किलोमीटर, रुळाने एकशेपंचेचाळीस. रूळ जेजुरी, नीरा, लोणंद असा पूर्वेचा वळसा घेऊन आदर्कीच्या घाटाने वाठारला चढतो. इंग्रजांच्या काळी महाबळेश्वरला जाणारे साहेब याच वाठारला उतरायचे आणि पुढे टांग्याने जायचे. तेव्हा आखलेल्या वाटेची वळणं अजून पुष्कळशी तशीच आहेत. त्यामुळे दिल्ली-मेरठच्या नमो भारतसारखी ताशी १६० ने पळणारी गाडी इथे मागणं म्हणजे घाटात सायकलची शर्यत लावण्यासारखं आहे. ती ८२ किलोमीटरची वेगळी, नवी लाइन आहे. पण तिची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे, ती म्हणजे गाडी चुकली तर थोड्या वेळात दुसरी येते. आमच्याकडे गाडी चुकली की माणूस घरी परत येतो.

म्हणून माझं मागणं वेगाचं नाही, वेळेचं आहे. पहाटे साडेपाचला साताऱ्याहून मेमू (विजेवर धावणारी, लोकलसारखी गाडी) सुटावी. वाठार, लोणंद, नीरा, जेजुरी असे मोजके थांबे घेत साडेआठच्या आत पुण्यात पोचावी. संध्याकाळी सव्वासहा-साडेसहाला पुण्याहून परत. मेमूचं बरं असं की मोटारी डब्यांखालीच असतात, त्यामुळे ती थांबून चटकन वेग घेते, आणि शेवटच्या स्टेशनवर इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायची भानगड नाही. सासवड रोड आणि फुरसुंगीला ती थांबली तर हडपसर-मगरपट्ट्यात कामाला असलेली आमची निम्मी पोरं तिथेच उतरतील, पुणे स्टेशनची गर्दी तेवढी कमी. (त्याच्या अलीकडे आळंदी नावाचं स्टेशन आहे. ती माउलींची नव्हे, म्हातोबाची आळंदी. नवखे वारकरी फसतात.) मासिक पास साधारण १५० किलोमीटरपर्यंत मिळतो, सातारा-पुणे १४५ भरतं. म्हणजे नियमही आपल्या बाजूचा आहे, गाडीच तेवढी नाही.

तशीच सोय दक्षिणेकडे हवी. किर्लोस्करवाडी, भिलवडी, ताकारी, शेणोली इथून सांगली-मिरजेला शिकायला आणि दवाखान्यात जाणाऱ्यांची संख्या लहान नाही. डेमू (मेमूसारख्याच, पण डिझेलवरच्या) आहेत, नाही असं नाही. पण दोन गाड्यांमधलं अंतर इतकं की मधल्या वेळात माणूस वडापने, म्हणजे शेअर जीपने जाऊन, काम उरकून परत आलेला असतो. मार्ग मोकळा होत नाही असं कुणी म्हणू नये. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी न्यायचं ठरलं तेव्हा मिरजेहून टँकरच्या वाघिणी निघाल्या, पहिल्या खेपेला दहा. तेव्हा ती मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडीची वाटही एकेरीच होती.

आता स्टेशनचं. साताऱ्याचं स्टेशन माहुलीला. मीटरगेजच्या काळात ते सातारारोडला होतं, त्या मानाने जवळ आलं म्हणायचं. पण रात्री साडेदहाला गाडीतून उतरलेल्या बाईने गावातल्या राजवाड्यापर्यंत यायचं कसं? रिक्षावाला जे मागेल ते द्यायचं, आणि बरेचदा ते तिच्या जनरलच्या तिकिटापेक्षा जास्त भरतं. गाडीच्या वेळेला लागून एक शहर बस ठेवली तरी पुष्कळ झालं. कराडचं स्टेशन ओगलेवाडीला, तिथेही तीच गत. सांगलीत तर गंमतच आहे, स्टेशन चौक गावात आणि स्टेशन भलतीकडे. जपानने १९६४ साली बुलेट सुरू केली याचे दाखले आपण देतो. तिथे बुलेटमधून उतरलं की पुढची लोकल पकडता येते, तो दाखला कुणी देत नाही.

कराड-चिपळूण या नुसत्या आशेवर राहिलेल्या रेल्वेमार्गाबद्दल लिहीत नाही. त्या मार्गाच्या आशेवर आमच्या वडिलांनी ओगलेवाडीजवळ प्लॉट घ्यायचं चालवलं होतं, आईने मोडता घातला. आई दूरदृष्टीची.

आपण आमदार-खासदारांच्या मुलाखती घेता, तेव्हा नव्या गाडीबद्दल विचारण्याऐवजी एवढंच विचारावं की पहाटेच्या मेमूसाठी रेल्वेकडे लेखी मागणी कोणत्या तारखेला केली, आणि काय उत्तर आलं. दोन्ही कागद छापावेत.

आणि जमलं तर आपला एखादा वार्ताहर सोमवारी पहाटे पावणेपाचला सातारा बसस्थानकावर पाठवावा. स्वारगेटच्या विनाथांब्याची रांग असते. हातात डब्याची पिशवी, पाठीवर लॅपटॉप, डोळ्यांवर झोप. एस.टी.ला बोल लावायचा नाही, ती बिचारी जेवढ्या गाड्या आहेत तेवढ्या सोडते. मी रांगेत असतो, मरून रंगाचा स्वेटर आणि कानटोपी. चहा माझ्याकडून.

आपला,
दर सोमवारचा एक प्रवासी
शाहूपुरी, सातारा