दुर्बीण तोंडातूनच जाते ना?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्य पुरवणीतला ‘नीट ब्रश करा, पोटातले जंतू पळवा’ हा लेख वाचला. मथळा देणाऱ्याला साष्टांग दंडवत. लेखात खाली बारीक अक्षरांत लिहिलेच आहे की हिरड्यांचा आजार आणि पोटात अल्सर करणारे एच पायलोरी हे जंतू मोठ्या माणसांत बरेचदा एकत्र सापडतात. हे जंतू तोंडातून पोटात जातात, पोटातून तोंडात येतात, की दोन्हींचे मूळ तिसरीकडेच आहे, हे अजून ठरायचे आहे. मथळ्यात मात्र ते पळालेसुद्धा!

आता ब्रशचे सांगते. आमचे हे सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतून कितीही उशिरा घरी आले तरी दात घासल्याशिवाय झोपत नाहीत. तरी हिरड्यांतून रक्त येते आणि छातीत जळजळही होते. इंदुरात जळजळ म्हटली की प्रत्येक जण शेवेवर खापर फोडून मोकळा होतो, तसे आम्हीही बरेच दिवस काढले. शेवटी पोटात दुर्बीण घालून एंडोस्कोपी झाली. हे बाहेर आले ते तोंडाला रक्ताळलेला रुमाल लावून. माझे पायच गळाले. तिथला मुलगा हसत म्हणाला, “कुछ नहीं आंटी, मसूड़ों का है, पेट का नहीं.”

म्हणजे दिसले होते! पण रिपोर्टमध्ये जठराचे रंगीत फोटो, अल्सरची जागा, जंतूची तपासणी पॉझिटिव्ह, सगळे काही. हिरड्यांबद्दल अवाक्षर नाही. दुर्बीण काय नाकाडोळ्यांतून गेली होती? डॉक्टरांना विचारले तर म्हणाले, “ते आमच्याकडे येत नाही.” दोन अँटिबायोटिक आणि ॲसिडची गोळी असा 14 दिवसांचा कोर्स झाला, काही आठवड्यांनी श्वासाची तपासणी केली, तर जंतू जिथल्या तिथे. गोळ्या बदलून पुन्हा कोर्स. तोवर मीच ह्यांना दातांच्या डॉक्टरांकडे ओढत नेले. त्यांनी सळई घालून हिरडी आणि दात यांच्यातली फट मोजली. बऱ्याच ठिकाणी ती 5 मिलिमीटर निघाली, 3 च्या वर नसावी म्हणे. तिथे ब्रश पोचत नाही, आणि तुमच्या लेखातले ‘चांगले माउथवॉश’ही पोचत नाही. किटण खरवडूनच काढावे लागते. पण त्यांनीही पोटाचे एका शब्दाने विचारले नाही हो. दोघांचे बोर्ड एकाच जिन्यात.

उपचारांचे पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2016 च्या आढाव्यात, रुग्णांवर दोन्ही उपचार एकत्र करून पाहिलेल्या सात चाचण्या तपासल्या आहेत. गोळ्यांच्या जोडीला हिरड्यांचे उपचार केले तेव्हा जंतू जाण्याचे प्रमाण वाढले आणि परत येण्याचे कमी झाले. चाचण्या लहान होत्या, मान्य. पण पोट दुखणाऱ्याला “जरा आ करा” म्हणायला किती मोठा पुरावा लागतो? ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये हे जंतू स्वतः पिऊन पाहिले, तेव्हा त्यांच्या तोंडाला येणारा वास आधी घरच्यांच्याच लक्षात आला होता. 2005 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आमच्या घरी तो वास मला येत होता. मला कोणी साधे विचारलेही नाही.

आणि जाता जाता. याच लेखाच्या खाली अर्ध्या पानावर, सोनेरी कोटातल्या हिरोसह, ‘वेलची’ची जाहिरात आहे. ती वेलची कुठल्या पुडीची सख्खी बहीण आहे हे राजवाड्यापासून पाटणीपुऱ्यापर्यंत शेंबडे पोरही सांगेल. सुपारी-तंबाखूने हिरड्यांचे काय होते हे पुढच्या पुरवणीत छापणार असाल, तर ती जाहिरात निदान क्रीडा पानावर हलवा.

कळावे,
रामबाग, इंदूर येथील एक जुनी वाचक