लिंबू-मिरची राहू द्या, आतलं पान बघा

संपादक साहेब,

कालच्या पुरवणीतला तो ताईत-गंडे-लिंबूमिरचीवाला लेख वाचला, आम्ही होडीवाले सुरक्षेपेक्षा लिंबावर भरवसा ठेवतो असं सांगणारा, आणि डोकंच फिरलं. फोटो बाकी झकास काढलाय आमच्या देवगड बंदरातल्या होड्यांचा, त्याबद्दल आभार.

लेखक महाशय जेटीवर अर्धा तास उभे राहिले असतील नसतील. मी 22 वर्षं होडी घालतोय. 31 जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपते, मग दर्याला नारळ देतो, गाऱ्हाणं घालतो, होडीच्या तोंडाशी लिंबू-मिरची बांधतो, खर्च पन्नास रुपये पण नाही. लिंबू बांधलंय म्हणून कोणी लाईफ जॅकेट घरी ठेवून गेलेला मी तरी बघितला नाही. बाहेर इंजिन बंद पडलं की हात वायरलेसकडेच जातो, लिंबाकडे नाही, एवढी अक्कल आम्हा अडाण्यांना पण आहे.

आता तुमच्या छोट्या जाहिरातींचं बोलू. चार वर्षांपूर्वी सीझन पार बसला होता, बँकेचे हप्ते थकलेले, तेव्हा तुमच्याच पेपरात वाचून मी ‘सिद्ध हाथाजोडी’ मागवली. हो, मीच. 5100 रुपये, चांदीची डबी, आत शेंदरात बुडवलेली मुळी, दोन हात जोडल्यासारखी दिसणारी, म्हणे विंध्याचलच्या जंगलातली. दोन वर्षं देव्हाऱ्यात होती. मासळी होती तेवढीच मिळाली.

मग गणपतीला भाचा आला, झूऑलॉजी करतो, त्याने डबी उघडली आणि हसतच सुटला. एक टोक काडीवर धरलं तर केस जळल्यासारखा वास, लाकडाचा नाहीच. मुळी कसली, वाळवलेलं घोरपडीचं, म्हणजे नर घोरपडीचं… जाऊ दे, तुम्ही छापणार नाही. आई म्हणाली, “म्हणजे दोन वर्सां मी ह्येका हळद-कुंकू घातलंय?” त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी धड बोलली नाही. वर भाच्याने सांगितलं की घोरपड 1972 च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल एकला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, घरात सापडलं तर 3 ते 7 वर्षं आत. त्या डबीचं पुढे काय केलं ते इथे लिहीत नाही.

विकणाऱ्याचा नंबर बंद. तुमच्या ऑफिसात फोन केला तर बाई म्हणाल्या, जाहिरातीतल्या मजकुराशी पेपर सहमत असेलच असं नाही. बरं. पण मग कालच्या लेखात तो 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा दोनदा आलाय तो आम्हाला कशाला सांगता, आधी तुमच्या जाहिरातवाल्यांना दाखवा ना. कारण त्याच लेखाच्या मागच्या पानावर वशीकरण, शत्रुनाश, 24 तासांत रिझल्ट, गॅरंटी, असं सगळं रंगीत चौकटीत आहे. घोरपडी कुठून येतात ते पण विचारा त्यांना, आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, हल्ली दिसत नाहीत.

आणि लिहितोच आहे तर, भरती-ओहोटीच्या वेळा देत होतात ते कोष्टक का बंद केलंत? त्या जागी आता राशीनुसार लकी रंग येतो. मंगळवारी माझा पोपटी होता. भरती किती वाजता ते मोबाईलवर बघितलं.

आपला,
एक होडीवाला, देवगड