डावीकडून चाला

सांगली, रविवार

चि. सुमन,
अनेक आशीर्वाद. बुधवारी फोनवर "एक कान चांगला आहे ना, मग पोराला मशीन कशाला" असं मी बोललो आणि तू फोन ठेवलास. बरोबर केलंस.

काल ओमच्या रिपोर्टची झेरॉक्स घेऊन मिरजेला गेलो. आईला सांगितलं, वाडीला दत्ताला जातो. कानाच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. डाव्या कानाला जवळजवळ काहीच येत नाही, त्यामुळे साधं मशीन तिथं कामाचं नाही. क्रॉस मशीन तिकडचा आवाज उचलून उजव्या कानाला पोचवतं. दुसरं हाडातून आवाज नेतं. ते डोक्याच्या पट्ट्यावर लावून आधी बघता येतं. पण दोन्हींत ऐकणार उजवाच, आवाज कुठून आला ते कळत नाही. ती आशा कॉक्लिअरची, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवतात त्या यंत्राची, आणि तीही एमआरआयमध्ये ऐकायची नस नीट दिसली तर. अमेरिकेत एका कानासाठी पाच वर्षांपुढच्या मुलांना त्याची मान्यता २०१९ मध्ये मिळाली. ओम सहाचा. जन्मापासूनचं असेल तर उशीर नको म्हणाले.

माझ्या डोक्यातून रस्ता जात नाही. एकतीस वर्षं एस.टी. चालवली ती हॉर्न दिला की माणूस बाजूला होतो या भरवशावर. ओमला डावीकडचा हॉर्नही उजवीकडूनच आल्यासारखा वाटणार. आणि निम्मा रस्ता ओलांडला की गाडी येते ती डावीकडूनच.

दिवाळीत लपाछपी खेळताना मी कोठीच्या दाराआडून हाक मारायचो आणि तो पार अंगणात पळायचा. मी हसायचो गं. फोन कायम उजव्या कानाला लावतो हे तू हेरलंस, आम्ही दोघं नुसते कौतुक करत बसलो.

वर्गात डाव्या भिंतीकडे, पुढच्या बाकावर बसव, म्हणजे चांगला कान बाईंकडे राहील. बाईंनी माइक लावला की त्यांचा आवाज थेट मुलाच्या कानात येतो, असंही असतं म्हणे, शाळेत विचार. इयरफोन बंद. कान दुखला तर घरचं तेल घालू नका. उजवा कान जपा, तो एकच... असो. सांगत सुटलो. तुला हे सगळं आधीच माहीत असणार.

पीएफचे पैसे तसेच आहेत, जावईबापूंना संकोच नको म्हणावं. एमआरआयची तारीख कळव, मी येतो.

आणि रस्त्यावर त्याच्या डावीकडून चाला. त्या बाजूनं बोललेलं त्याला ऐकू जाणार नाही. बोलायचं ते पलीकडे गेल्यावर.

तुझे आप्पा